जुन्या मोटरसायकलचा स्पार्क प्लग: निवड, गॅप आणि बसवणी

पुण्यातली जुनी गाडी दोन टोकांमध्ये जगते. आठवडाभर कोथरूड ते डेक्कन, लक्ष्मी रोडला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सिग्नलला धडधडत उभी. रविवारी पहाटे मात्र ताम्हिणी, वरंधा नाहीतर पसरणीचा घाट. प्लग निवडताना सगळा घोळ इथेच होतो. शहरात प्लग पुरेसा तापत नाही, काजळी धरतो, गाडी मिसिंग मारते. मग कुणीतरी सांगतं, "एक नंबर गरम प्लग टाका." तो टाकला की शनिवारपर्यंत गाडी झकास चालते. रविवारी मागे माणूस बसवून भर उन्हात घाट चढताना तोच प्लग तापून लाल होतो आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटवायला लागतो. टू-स्ट्रोक इंजिनात याचा शेवट पिस्टनला भोक पडण्यात होऊ शकतो.

म्हणून माझं ठाम मत आहे: प्लगची ग्रेड (तो किती गरम किंवा थंड) गाडीच्या सगळ्यात अवघड कामाच्या हिशोबाने ठरवायची, रोजच्या सोप्या कामाच्या नाही. शहरातल्या काजळीचं कारण बहुतेक वेळा कार्ब्युरेटर, ऑइल किंवा अशक्त करंट असतं. ते तिथेच दुरुस्त करायचं.

सुरुवात कुठून करायची

गाडीच्या मूळ मॅन्युअलमध्ये दिलेला प्लग हाच पहिला आधार. जावा, येझ्दी, राजदूत, बुलेट, आरएक्स १००, आरडी ३५०, गाडी कुठलीही असो, कंपनीने तो नंबर इंजिन पूर्ण भाराखाली चालवून ठरवलेला असतो. मात्र सध्या गाडीत बसलेला प्लग हा पुरावा मानू नका. तीस-चाळीस वर्षांत गाडी चार हातांतून गेलेली असते, त्या-त्या वेळी दुकानात जो मिळाला तो प्लग बसलेला असतो. हेडही (सिलिंडरचं वरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) कधी बदललेलं असतं, कधी घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं असतं. त्यामुळे मॅन्युअलचा नंबर आणि तुमच्या हेडचं प्रत्यक्ष माप दोन्ही जुळले पाहिजेत.

मापं दोन. पहिलं आट्यांचा व्यास. बहुतेक जुन्या गाड्यांना १४ मिमी व्यासाचा, १.२५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) आणि वायसरवर बसणारा प्लग लागतो. त्याला पाना २१ नंबरचा (नेमकं माप २०.८ मिमी). इथे सहसा चूक होत नाही, कारण चुकीचा व्यास भोकात बसतच नाही.

चूक होते ती दुसऱ्या मापात, म्हणजे आट्यांच्या लांबीत. ही लांबी वायसर टेकते त्या जागेपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजायची, बाहेर आलेलं इलेक्ट्रोड त्यात धरायचं नाही. जुन्या गाड्यांत दोन लांब्या नेहमी दिसतात: १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच, आणि १९ मिमी, म्हणजे पाऊण इंच. १२.७ च्या जागी १९ चा प्लग लावला तर तो आत लोंबतो. पिस्टनवर किंवा व्हॉल्व्हवर आदळला तर नुकसान तिथल्या तिथे होतं. नाही आदळला तरी उघड्या पडलेल्या आट्यांवर कार्बन बसतो, ते आटे तापून निखाऱ्यासारखे होतात, आणि प्लग काढताना हेडचे आटे सोबत येतात. उलट केलं, लांब भोकात आखूड प्लग लावला, तर हेडचे खालचे रिकामे आटे कार्बनने भरतात. पुढे योग्य प्लग आणला तरी तो पूर्ण बसत नाही. प्लग काढल्यावर टॉर्च मारून हेडचे आटे कुठपर्यंत आहेत ते बघा, आणि एका काडीने लांबी मोजून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

खोक्यावरचा नंबर वाचायचा कसा

समजा एनजीके कंपनीच्या प्लगच्या खोक्यावर बी८एचएस लिहिलंय. जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांना हा नंबर तोंडपाठ असतो. बी म्हणजे १४ मिमी आटे. ८ ही उष्णता-ग्रेड. एच म्हणजे १२.७ मिमी लांबी. तिथे ई असता तर १९ मिमी. शेवटचा एस म्हणजे आत तांब्याचा गाभा असलेलं साधं मधलं इलेक्ट्रोड. बी नंतर पी आला, जसं बीपी७एचएस, तर इन्सुलेटरचं टोक आट्यांच्या बाहेर पुढे आलेलं असतं. आर आला, जसं बीआर८एचएस, तर आत रेझिस्टर आहे. शेवटी ९ किंवा ११ आकडा डॅश देऊन जोडलेला असेल तर कारखान्यातून ०.९ किंवा १.१ मिमी गॅप (इलेक्ट्रोडमधलं अंतर) ठेवून तो प्लग आलाय. जुन्या पॉइंटच्या गाडीला (जिथे करंट तोडायला उघड-मीट करणारे धातूचे पॉइंट असतात) एवढा गॅप फार मोठा.

आता सगळ्यात मोठा सापळा. एनजीकेमध्ये ग्रेडचा आकडा वाढला की प्लग थंड होतो: ६ पेक्षा ८ थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलट, आकडा वाढला की प्लग गरम. त्यातून घरातल्या जुन्या पेटीत माइकोचे प्लग सापडले तर आणखी गोंधळ होतो. माइको ही बॉशचीच भारतातली कंपनी, २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. जुन्या माइकोवर डब्ल्यू १७५, डब्ल्यू २२५ असे तीन आकडी नंबर असत, आणि त्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. म्हणजे एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या नंबरांची दिशा परस्परविरुद्ध. एका कंपनीचा प्लग दुसऱ्या कंपनीच्या प्लगशी जुळवायचा तर अंदाज करू नका, त्या कंपनीचा तुलना-तक्ता बघा.

गरम आणि थंड प्लग म्हणजे काय

गरम प्लग इंजिन गरम करत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. उष्णता जळणाऱ्या मिश्रणाचीच असते. प्लगच्या टोकाने ती किती लवकर हेडला द्यायची, एवढंच ग्रेड ठरवते. गरम प्लगमध्ये पांढऱ्या चिनी मातीचं नाक लांब असतं, उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता, म्हणून टोक तापलेलं राहतं. थंड प्लगचं नाक आखूड, उष्णता पटकन निघून जाते.

टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यावर बसलेली काजळी जळून जाते, प्लग स्वतःला साफ करतो. साडेआठशेच्या आसपास गेलं की टोकच मिश्रण पेटवायला लागतं. प्लग या दोन सीमांच्या मधे राहिला पाहिजे, सिग्नलला उभं असतानाही आणि खंबाटकी चढतानाही. ग्रेडची एक पायरी बदलली की टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी हलतं. म्हणून बदल करायचाच असेल तर एकच पायरी, आणि तोही कार्ब्युरेटर, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नि करंट तपासून झाल्यावर.

घाटात नेमकं काय होतं? थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडा, वेग चाळीसच्या खाली, म्हणजे एअर-कूल्ड फिन्सना वारा कमी, आणि इंजिनावर भार सगळ्यात जास्त. सपाट हायवेवर ऐंशीने जाणारी गाडी याहून कमी तापते. तुमची गाडी घाट चढत असेल तर मॅन्युअलच्या ग्रेडपेक्षा गरम प्लग लावूच नका. गाडी फक्त पेठांमधून भाजी आणायला आणि बँकेत जायला निघत असेल, कधीच शहराबाहेर जात नसेल, तर एक पायरी गरम चालू शकेल. पण मग ती गाडी मित्राला सिंहगडाला जायला द्यायची नाही.

पी अक्षराचा प्लग साध्याच्या जागी लावू नये, जोवर मॅन्युअल त्याला परवानगी देत नाही. पुढे आलेल्या टोकाला पिस्टनपासून जागा हवी, आणि ती जुन्या इंजिनात असेलच असं नाही.

रेझिस्टरचं थोडक्यात. प्लगमध्ये साधारण ५ किलो-ओम, प्लग-कॅपमध्ये बहुधा आणखी ५. सहा व्होल्टच्या पॉइंटवाल्या गाडीत मुळात करंट बेताचा, तिथे दोन्हीकडे रेझिस्टर ठेवायची गरज नाही, एक पुरे. सीडीआयच्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) गाडीत मात्र कुठेतरी एक रेझिस्टर असलाच पाहिजे, नाहीतर रेडिओत खरखर आणि सीडीआयच्या तब्येतीला धोका. इरिडियम प्लगचं टोक बारीक असतं, त्याला ठिणगी पाडायला कमी व्होल्टेज लागतं, ही त्याची खरी चांगली बाजू. तरी ऑइलचा धूर करणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोकला मी साधा तांब्याच्या गाभ्याचा प्लग पसंत करतो. तो खराब झाला तर बदलताना जीवावर येत नाही.

नाना पेठेत खरेदी

दुचाकीचे सुटे भाग म्हटलं की पुणेकर नाना पेठेकडे वळतो, आणि तिथे माल खरंच मिळतो. मात्र नामांकित कंपन्यांच्या प्लगची नक्कल देशभर विकली जाते, म्हणून दुकानात उभं असतानाच प्लग हातात घेऊन बघा. आट्यांवर बोट फिरवा, कडा खरबरीत लागता कामा नयेत. मधलं आणि वरचं इलेक्ट्रोड एका रेषेत असलं पाहिजे. चिनी मातीवरची छपाई नखाने निघता कामा नये. वायसर प्लगवर अडकून राहिला पाहिजे, उलटा केल्यावर गळून पडणारा वायसर संशय वाढवतो. आर अक्षराच्या प्लगची सगळ्यात सोपी परीक्षा मल्टिमीटरची: कॅप बसते त्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत काही हजार ओम दिसले पाहिजेत. शून्य दिसलं तर आत रेझिस्टरच नाही, मग वर छापलेल्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास कशाला ठेवायचा? जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी जुने प्लग ढिगाने दिसतात. सुटे भाग शोधायला जरूर जा, पण वापरलेला प्लग घेऊ नका. त्याच्या इन्सुलेटरला गेलेला केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही.

दोन सिलिंडरच्या गाडीला दोन्ही प्लग एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे आणि एकाच वेळी घ्या. पुढे त्यांच्या रंगातला फरकच तुम्हाला कुठला कार्ब्युरेटर बिघडलाय ते सांगेल.

प्लग काढणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बुलेटचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचंच असतं, आणि गरम ॲल्युमिनियममधून प्लग ओढून काढला की आटे फाटतात. कॅप काढताना वायर ओढू नका, कॅप धरून ओढा. प्लगच्या मुळाशी साचलेली माती पंपाने उडवा, प्लग अर्धा फेरा सैल करा, पुन्हा हवा मारा, मग पूर्ण काढा. पावसाळ्यात भोकाभोवती चिखल वाळून बसलेला असतो, तो आत पडला तर सिलिंडरला ओरखडे जातात. प्लग फार घट्ट असेल तर आदल्या रात्री बुडाशी गंज सोडवणारं ऑइल घालून ठेवा, आणि पाना सरळ धरा. तिरका पाना आधी इन्सुलेटर तोडतो.

काढलेला प्लग पुसण्याआधी नीट बघून घ्या. बदामी किंवा फिकट राखाडी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी, मऊ, काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), चोक अर्धवट अडकलेला, एअर फिल्टर तुंबलेला किंवा करंट अशक्त. ओली तेलकट काळी म्हणजे ऑइल: टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमधलं प्रमाण किंवा ऑइल पंप, फोर-स्ट्रोकमध्ये रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. चुन्यासारखं पांढरं टोक, त्यावर बारीक चमकते मणी किंवा वितळलेली कड दिसली तर गाडी चालवणं थांबवा. मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे, हवा कुठून तरी आत शिरतेय किंवा टायमिंग पुढे गेलंय.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. जुन्या मॅन्युअलमधलं गडद तपकिरी रंगाचं वर्णन शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातलं आहे. २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं आणि निरोगी प्लग फिकट दिसायला लागला. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) तीच गाडी थोडी लीन चालते. प्लग पांढरा पडला की लोक थंड प्लग लावतात. खरा उपाय मेन जेट एक पायरी वाढवणं आणि नीडल तपासणं हा आहे. थंड प्लगमुळे फक्त टोक थंड राहील. लीन मिश्रणात पिस्टन तापायचा तेवढा तापेलच.

गॅप

दोन इलेक्ट्रोडमधल्या अंतराला गॅप म्हणतात. गॅप जेवढा मोठा, तेवढं ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं. कॉम्प्रेशन वाढलं, मिश्रण लीन झालं, तरीही व्होल्टेज जास्त लागतं. लहान गॅपमध्ये ठिणगी सहज पडते पण बारीक असते, थंड इंजिनातलं किंवा आयडलिंगचं मिश्रण ती नीट पेटवत नाही, आणि कार्बनचा एखादा कण मध्ये अडकला की प्लग शॉर्ट. मोठ्या गॅपमध्ये ठिणगी मोठी, पण कॉइलमध्ये तेवढा जोर हवा. चढावर थ्रॉटल उघडल्याबरोबर गाडी अडखळत असेल आणि हळू चालवताना ठीक असेल, तर वाढलेला गॅप हे पहिलं कारण तपासा.

म्हणजे गॅप ठरतो तो इग्निशनच्या ताकदीवर. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच ठेवा. नसेल तर पॉइंट आणि कंडेन्सरच्या गाडीला ०.५ ते ०.६ मिमी, सीडीआयच्या गाडीला ०.७ च्या आसपास, ही सुरुवात योग्य. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत आयुष्य गेलेली माणसं हे माप थाऊमध्ये सांगतात: थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. २० थाऊ म्हणजे ०.५१ मिमी, २५ थाऊ म्हणजे ०.६४. जुन्या इंग्रजी मॅन्युअलमधले आकडेही याच मापात असतात.

नवा प्लग खोक्यातून काढून थेट लावू नका. तो अनेक गाड्यांना चालावा म्हणून बनवलेला असतो, शिवाय दुकानातल्या ड्रॉवरमध्ये आपटून गॅप बदललेला असू शकतो.

नव्या प्लगला पट्टीचा फिलर गेज चालतो. ०.६ ची पट्टी हलकं घासत जावी, ०.६५ ची जाऊ नये. मग गॅप ०.६ आहे असं धरायचं. वापरलेल्या प्लगला तारेचा गेज वापरा. वरच्या इलेक्ट्रोडला खालून खळगा पडलेला असतो, सपाट पट्टी त्या खळग्याच्या कडांवर टेकते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवते.

गॅप कमी करायचा तर प्लग उभा उलटा धरून वरचं इलेक्ट्रोड लाकडाच्या ठोकळ्यावर अगदी हळू टेकवायचं, ठोकायचं नाही, आणि दर वेळी मोजायचं. वाढवायचा तर गेजसोबत येणाऱ्या खाचेत वरचं इलेक्ट्रोड अडकवून किंचित वर उचलायचं. वाकवायचं ते फक्त वरचं इलेक्ट्रोड. मधल्याला किंवा पांढऱ्या नाकाला टेकू देऊन पेचकसने उचकटलं तर इन्सुलेटरला तडा जातो, आणि तो तडा प्लग गरम झाल्यावरच त्रास देतो. काम झाल्यावर बाजूने उजेडाकडे धरून बघा: दोन्ही पृष्ठभाग समांतर हवेत, गॅप सगळीकडे सारखा. इरिडियमचं टोक तर एवढं बारीक आणि ठिसूळ असतं की त्याला गेज घासूही देऊ नका.

इलेक्ट्रोडच्या कडा तीक्ष्ण असतात तोवर ठिणगी सोपी पडते. कडा गोल झाल्या की गॅप बरोबर असूनही जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून गोल झालेला प्लग पुन्हा पुन्हा गॅप करून वापरण्यात अर्थ नाही. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला मिश्रण पेटतं, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा, त्यामुळे टू-स्ट्रोकचा प्लग लवकर झिजतो.

साफ करायला पेट्रोल आणि जुना टूथब्रश पुरे, मग नीट वाळू द्या. लोखंडी तारेचा ब्रश चिनी मातीवर धातूच्या रेघा ओढतो आणि करंट त्या रेघांवरून पळतो. वाळूच्या मशिनने साफ केलेल्या प्लगमध्ये कण अडकून राहतात आणि सिलिंडरमध्ये पडतात. गॅसच्या शेगडीवर भाजण्याची सवयही सोडा, एका बाजूने तापून इन्सुलेटर तडकतो.

बसवणं

वायसरची जागा स्वच्छ कापडाने पुसा. प्लग हातानेच फिरवायला सुरुवात करा. हात पोचत नसेल तर प्लगच्या डोक्यावर पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा बसवून फिरवा. आटे तिरके लागले तर नळी घसरते आणि हेड वाचतं. वायसर टेकेपर्यंत हातानेच जायला हवं. मग पाना: नवा प्लग असेल तर साधारण अर्धा फेरा, वायसर दबेपर्यंत. तोच जुना प्लग परत बसवताना वायसर आधीच दबलेला असतो, तेव्हा एक बारांश फेरा पुरतो, म्हणजे घड्याळाच्या काट्याने एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जाण्याएवढं. टॉर्क पाना असेल तर १४ मिमीच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने प्लग नकळत जास्त आवळला जातो. सैल प्लगही धोक्याचा, कारण उष्णता आटे आणि वायसरमधून हेडला जाते आणि सैल प्लग ती नीट जाऊ देत नाही. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या, मोठा प्लग ठोकून बसवणाऱ्याकडे जाऊ नका.

प्लगच्या डोक्यावरचा छोटा नट बघा. बऱ्याच जपानी गाड्यांच्या कॅपला तो काढून नुसते आटे लागतात, काही जुन्या कॅपना तो लागतो. कॅप टक् आवाज करून बसली पाहिजे. कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरते. वर्षातून एकदा ती काढून वायरचं हिरवट पडलेलं टोक पाच मिलिमीटर कापा आणि परत फिरवून बसवा. पहिल्या पावसानंतर सुरू न होणाऱ्या बऱ्याच गाड्या इथेच अडकलेल्या असतात. अंधारात इंजिन चालू करून वायरकडे बघा, कुठे निळी ठिणगी बाहेर उडत असेल तर वायर बदला.

करंट तपासताना प्लग कॅपमध्ये घालून हेडला घट्ट टेकवा आणि मग किक मारा. कॅप मोकळी लोंबत ठेवून किक मारली तर कॉइल किंवा सीडीआय जळू शकतं. प्लगचं भोक कापडाने झाका, आतून पेट्रोलची वाफ येते आणि समोर ठिणगी असते. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. मोकळ्या हवेत दिसलेली पिवळी बारीक ठिणगी कॉम्प्रेशनखाली बहुतेक विझते. अशा वेळी नवा प्लग आणण्याआधी पॉइंट आणि कंडेन्सर बघा.

रंग वाचून खात्री करणं

शहरातून हळूहळू घरी आलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलिंगची गोष्ट सांगतो. खरी परीक्षा भाराखाली. नवा किंवा स्वच्छ प्लग लावा, इंजिन गरम करा, रहदारी नसलेल्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये मोठा थ्रॉटल देऊन थोडं अंतर जा, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी कडेला घ्या. इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढा. टॉर्च मारून इन्सुलेटरच्या मुळाशी बघा, मेन जेटचा हिशोब तिथल्या बारीक कड्यावर लिहिलेला असतो. महाबळेश्वरला पोचल्यावर हा प्रयोग करू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. वर हवा विरळ, मिश्रण आपोआप रिच होतं, प्लग जरा काळा दिसणारच. ते बघून जेट लहान केलं तर खाली वाईला उतरल्यावर गाडी लीन चालेल.

मेन जेट बरोबर आल्यावरही घाटानंतर टोक पांढरंच दिसत असेल तर एक पायरी थंड प्लग लावून तोच रस्ता पुन्हा करा. टोक काळं आणि कोरडं राहत असेल तर आधी एअर फिल्टर, चोक आणि आयडल स्क्रू.

गाडीच्या टूलबॉक्समध्ये एक जादा प्लग ठेवा, त्याच नंबरचा, घरीच मोजून गॅप केलेला, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेला. सोबत प्लग पाना, आणि पाना खरोखर त्या फ्रेमच्या नळ्यांमधून प्लगपर्यंत पोचतो का ते घराच्या दारातच बघून ठेवा.